नाटकाचे चार तुकडे, मिक्सरचा वेगळा आवाज आणि एक मोबाईल क्लिप: कमांड लाइनने एक फाइल कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा होता. हौशी ग्रुपचं दोन अंकी नाटक शूट केलंय, कॅमेऱ्याने त्याचे आपोआप चार एमपीफोर तुकडे केले. साउंडवाल्याने मिक्सरमधून घेतलेला आवाज वेगळा दिला, त्याच्या दोन वेव्ह फाइल. शिवाय मध्यंतरातल्या सत्काराची मोबाईलवरची एक क्लिप. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर एक्सपोर्टला सहा तास दाखवतंय आणि चित्र पण मऊ पडतंय, "दादा, कमांड लाइनने हे सगळं पटकन एकत्र होईल का?"

होईल. आणि सहा तास नाही, सगळं नीट मोजून झालं की प्रत्यक्ष जोडायला काही मिनिटं पुरतात. मी गेली बरीच वर्षं कीर्तनं, संगीत नाटकं, गॅदरिंगं असलंच शूट करत आलोय, त्यामुळे या चक्रातून पन्नासदा गेलोय, त्यातले पहिले दहा वेळा चुकीच्या पद्धतीने.

आधी एक सूचना. कमांड मी खाली मुद्दाम बोलल्यासारख्या लिहिल्यात, फोनवर कुणाला सांगतो ना तशा. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या कमांडमध्ये साधा डॅश लांब डॅश होतो, सरळ अवतरणचिन्हं गोल होतात, आणि मग माणूस दोन तास "सेम टू सेम टाकलंय तरी एरर" म्हणत बसतो. स्वतः हाताने टाइप कर, इंग्रजी कीबोर्डवर, आकडे पण इंग्रजीच. आपोआप दोनदा विचार होतो टाकताना.

टूल म्हणजे एफएफएमपेग, टाइप करताना एफ एफ एम पी ई जी. फाब्रिस बेलार्ड नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेला प्रकल्प, फुकट आहे, आणि तू जे महागाचं सॉफ्टवेअर वापरतोस अशातल्या बऱ्याच ठिकाणी आतून हेच काम करत असतं. विंडोजवर विंगेटने, मॅकवर ब्रूने, उबुंटूवर एपीटीने एका ओळीत येतं. त्याच्याबरोबर एफएफप्रोब पण येतं, ते फाइलच्या आत काय आहे ते सांगतं, आणि खरं सांगू का, निम्मं काम तेच आहे.

आता मुद्दा. फाइल जोडणं हे तीन थरांवर होतं आणि कुठल्या थरावर जोडायचंय हे कळलं की कमांड आपोआप कळते. एमपीफोर, एमकेव्ही हे डबे आहेत. आत भाजी वेगळी, पोळी वेगळी, म्हणजे चित्राचा प्रवाह वेगळा, आवाजाचा वेगळा. पहिला थर म्हणजे डबे न उघडता एकाला एक चिकटवायचे. दुसरा, डबे उघडून आतलं जसंच्या तसं एका मोठ्या डब्यात काढायचं. तिसरा, सगळं पुन्हा शिजवायचं. तुझं एडिटिंग सॉफ्टवेअर पुन्हा शिजवतंय म्हणून सहा तास, आणि शिळं पुन्हा शिजवलं की चव जाणारच.

पहिला थर, म्हणजे विंडोजमधलं कॉपी स्लॅश बी किंवा लिनक्स-मॅकमधलं कॅट. बाइटला बाइट लावते, आत काय आहे याच्याशी तिला घेणंदेणं नाही. एमपीफोरला हे चालत नाही. एमपीफोरमध्ये मूव्ह (एम ओ ओ व्ही) नावाचा एक कप्पा असतो, कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका. चार फाइल चिकटवल्या तर चार अनुक्रमणिका होतात, प्लेअर पहिली वाचतो आणि तेवढंच दाखवतो. मी हे केलेलं आहे! फाइल १४ जीबीची आणि चालते अर्धा तास. वर शहाणपणा करून मूळ तुकडे डिलीट पण केले होते. सुदैवाने बाइट सगळे आतच होते, मग हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एफटीवायपी ही चार अक्षरं शोधली, प्रत्येक एमपीफोर तिथून सुरू होते, म्हणजे त्याच्या बरोबर चार बाइट आधीपासून, आणि तिथे तिथे कापून तुकडे परत मिळवले. एक अख्खा रविवार गेला. बायको विचारत होती काय चाललंय, काय सांगणार.

पण हाच थर एका ठिकाणी एकदम बरोबर आहे. तुझा कॅमेरा जुन्या पद्धतीचा असता आणि तुकडे एमटीएस असते तर मी कॉपी स्लॅश बीच सांगितलं असतं. तो प्रवाह टीव्ही प्रसारणाच्या घराण्यातला आहे, त्याला मधे एक अशी अनुक्रमणिका लागत नाही, आणि कॅमेरा तो मनाला येईल तिथे तोडतो, फ्रेमच्या मधे सुद्धा. असे तुकडे एकेक उघडून जोडले तर सांध्यावर आवाज क्षणभर जातो, बाइटला बाइट लावले तर काहीच कळत नाही.

तुझे तुकडे का झाले तेही समजून घे, कारण पुढे उपयोग आहे. कार्ड ३२ जीबी किंवा कमी असेल तर ते फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट झालेलं असतं आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. म्हणून कॅमेरा न थांबता नवी फाइल उघडतो. तुझ्या फाइलींच्या साइज बघ. तू लिहिलंयस पहिली आणि तिसरी जवळपास ४ जीबी, दुसरी आणि चौथी लहान. म्हणजे काय झालं? पहिली-दुसरी हा पहिला अंक, सलग. मग मध्यंतरात तू कॅमेरा बंद केलास. तिसरी-चौथी दुसरा अंक. आणि साउंडवाल्याने रेकॉर्डर बंद केला का? कधीच करत नाहीत ते, बटाटेवडा खाऊन येईपर्यंत चालूच असतो. म्हणजे चारही तुकडे सरळ जोडून त्याखाली मिक्सरचा आवाज लावलास तर पहिला अंक मस्त जुळेल आणि दुसऱ्या अंकात नायिका बोलतेय आणि ऐकू येतंय मध्यंतरातलं "गाडी नंबर अमुक अमुक कृपया काढावी". दोन्ही अंक वेगवेगळे जुळवायचे, मग एकत्र करायचे. हे सोडून बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं, पण हे लक्षात नाही आलं तर माणूस वेडा होतो.

आता चल, पहिला अंक. एका फोल्डरमध्ये सगळं ठेव आणि साध्या नोटपॅडमध्ये एक यादी कर. प्रत्येक ओळीत फाइल हा इंग्रजी शब्द लहान लिपीत, एक स्पेस, आणि एकेरी अवतरणात फाइलचं नाव. दोन फाइल, दोन ओळी. ही यादी सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ आठ, पण बॉम नसलेलं. बॉम म्हणजे जुन्या विंडोजचं नोटपॅड सुरुवातीला टाकतं ते तीन अदृश्य बाइट, ते असले आणि एफएफएमपेग पहिल्याच ओळीवर अनोळखी शब्द म्हणून अडतं, ओळ तर डोळ्याला बरोबर दिसते, त्यामुळे कळतच नाही. पॉवरशेलमधून मोठे-चं चिन्ह वापरून यादी बनवलीस तर अजून वाईट, जुनं पॉवरशेल ती यूटीएफ सोळामध्ये लिहितं. फाइलींची नावं देवनागरीत असली तरी चालतात बरं का, मी "अंक पहिला" असंच ठेवतो, फक्त नावात एकेरी अवतरणचिन्ह नको.

क्रम हाताने तपास. दहा तुकडे असले तर कॉम्प्युटरच्या हिशोबात १ नंतर १० येतो आणि मग २. गोप्रोवाल्यांचं तर वेगळंच, त्यांच्या नावात आधी तुकड्याचा नंबर आणि मग शूटचा नंबर, त्यामुळे नावाने लावलं की सगळ्या शूटचे पहिले तुकडे एकत्र येतात, मग सगळ्यांचे दुसरे. एका मुंजीच्या व्हिडिओत त्यामुळे भिक्षावळ आधी आणि मंगलाष्टकं नंतर झाली होती, घरच्यांनी तीन दिवसांनी सांगितलं.

कमांड अशी: एफएफएमपेग, स्पेस, डॅश एफ, स्पेस, कॉनकॅट, म्हणजे सी ओ एन सी ए टी, स्पेस, डॅश सेफ, स्पेस, शून्य, स्पेस, डॅश आय, स्पेस, यादीचं नाव डॉट टीएक्सटी, स्पेस, डॅश सी, स्पेस, कॉपी, स्पेस, आणि शेवटी नव्या फाइलचं नाव डॉट एमपीफोर. एंटर.

यातला जीव आहे तो डॅश सी कॉपी. म्हणजे शिजवू नको, नुसतं काढून ठेव. हे विसरलास तर एफएफएमपेग काही न बोलता पुन्हा एन्कोड करत बसेल, पंखा जोरात फिरायला लागला की समज. सेफ शून्य यासाठी की फाइलच्या नावात स्पेस, देवनागरी किंवा पूर्ण पाथ असला तर ते असुरक्षित नाव म्हणून नाकारतं.

तिसऱ्या-चौथ्या तुकड्याचं असंच, दुसऱ्या यादीने. झाले दोन अंक. क्वालिटीत एका बाइटचा फरक नाही, वेळ फक्त हार्डडिस्क वाचायला-लिहायला लागतो तेवढा.

आवाजाकडे. वेव्हच्या दोन फाइल झाल्या कारण बरेच रेकॉर्डर २ जीबीला फाइल तोडतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, हिशोब केलास तर २ जीबी साधारण २ तास ४ मिनिटांत भरतात, म्हणजे तुझा तुकडा दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे कुठेतरी पडलेला असणार. इथेही कॉपी स्लॅश बी नको, वेव्हच्या सुरुवातीला हेडर असतं त्यात लांबी लिहिलेली असते, प्लेअर तिथेच थांबतो, आणि नाही थांबला तर दुसरं हेडर आवाज समजून वाजवतो, खट्ट करून. वरचीच कॉनकॅटची यादी कर, पण शेवटी फाइलचं नाव डॉट एफएलएसी दे आणि डॅश सी कॉपी काढून टाक. फ्लॅकमध्ये आवाजाचं काही जात नाही, फाइल लहान होते, आणि वेव्हची ती ४ जीबीची जुनी मर्यादा पण डोक्याला नको.

आता जुळवणी, इथे घाई करू नकोस. टाळी वाजवली होतीस का सुरुवातीला? नसशील, कोणीच वाजवत नाही. तिसरी घंटा वापर. मी कायम तिसऱ्या घंटेच्या आधी कॅमेरा चालू करतो, घंटा स्टेजवरच्या माइकमध्ये पण येते आणि कॅमेऱ्याच्या माइकमध्ये पण. ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये दोन्ही उघड आणि घंटेचा पहिला ठोका दोन्हीकडे कितव्या सेकंदाला आहे ते लिहून घे. समजा कॅमेऱ्यात १२.४० ला आणि मिक्सरमध्ये ४७.१५ ला, तर मिक्सर ३४.७५ सेकंद आधी सुरू झालेला, तेवढा पुढून सोडून द्यायचा.

पण थांब, इथे एक गंमत आहे. कॅमेरा तू कुठे लावला होतास? शेवटच्या रांगेमागे असेल तर स्टेज वीसेक मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत यायला त्याला जवळजवळ ०.०६ सेकंद लागले. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ०.०४ सेकंदाची, म्हणजे दीड फ्रेम उशीर. माइक पात्रांच्या जवळ होता, त्याला हा उशीर नाही. तू कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवलंस की तो उशीर फुकट विकत घेतलास. म्हणून जुळवून झालं की ०.०६ अजून सोड, ३४.८१ कर. ओठांच्या क्लोजअपमध्ये हे जाणवतं, लाँग शॉटमध्ये फारसं नाही. मला जाणवतं, पण मी तसाही त्रासदायक माणूस आहे.

आता कमांड: एफएफएमपेग, डॅश आय अंक पहिला डॉट एमपीफोर, मग डॅश एसएस ३४.८१, म्हणजे एवढे सेकंद सोडून सुरू कर, आणि लगेच डॅश आय मिक्सरची फाइल. एसएस दुसऱ्या डॅश आयच्या आधी यायला हवा, एफएफएमपेगमध्ये पर्याय हा त्याच्या पुढच्या फाइलला लागतो, मागच्या नाही. पुढे डॅश मॅप, शून्य कोलन व्ही, म्हणजे पहिल्या फाइलमधलं चित्र (मोजणी शून्यापासून). डॅश मॅप, एक कोलन ए, दुसऱ्या फाइलमधला आवाज. डॅश सी कोलन व्ही कॉपी, चित्राला हात लावू नको. डॅश सी कोलन ए, एएसी, डॅश बी कोलन ए, ३२० के, म्हणजे आवाज एएसी पद्धतीने चांगल्या क्वालिटीत दाबून ठेव. मग डॅश शॉर्टेस्ट, नाहीतर चित्र संपल्यावर काळ्या पडद्यावर मध्यंतराचा गोंगाट चालू राहील. शेवटी नवं नाव.

मॅप देणं टाळू नकोस. नाही दिलंस तर एफएफएमपेग स्वतःच्या मनाने "बरा" आवाज निवडतं आणि कधी कधी तो कॅमेऱ्याचा खोकला-पॉपकॉर्नवाला आवाज असतो. मी तर डॅश मॅप शून्य कोलन ए पण शेवटी जोडून कॅमेऱ्याचा मूळ आवाज दुसरा ट्रॅक म्हणून ठेवतो, प्रेक्षकांचे हशे आणि टाळ्या तिथेच चांगल्या आलेल्या असतात, कधी मिक्स करावंसं वाटलं तर हाताशी.

फाइल उघडून आधी सुरुवात बघ, मग लगेच अंकाचा शेवट. सुरुवातीला जुळतंय आणि शेवटी सुटलंय असं झालं तर घाबरू नकोस, कमांड चुकलेली नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि रेकॉर्डरचं घड्याळ दोन वेगळे क्रिस्टल, दोघंही ४८,००० म्हणतात पण तंतोतंत कुणीच नसतं. एका तासात ०.३ सेकंद वगैरे सहज सुटतं. उपाय सोपा: समजा तासाच्या शेवटी आवाज ओठांच्या ०.३ सेकंद मागे पडतोय, तर आवाज तेवढा जरा जलद हवा. ४८,००० भागिले ३,६०० गुणिले ०.३ बरोबर ४. म्हणजे आवाजाला सांगायचं की तू ४८,००४ चा आहेस. डॅश एएफ, आणि पुढे दुहेरी अवतरणात असेटरेट बरोबर ४८००४, स्वल्पविराम, एरिसॅम्पल बरोबर ४८०००. असेट म्हणजे ए एस ई टी, त्याला चिकटून रेट. एरिसॅम्पल म्हणजे ए, त्याला चिकटून आर ई एस ए एम पी एल ई. आवाज पुढे जात असेल तर ४७९९६. हिशोब करताना स्वल्पविराम घातले तरी कमांडमध्ये आकड्यात घालू नकोस. पट्टी बदलेल का विचारशील, तर नाही, इतका सूक्ष्म फरक आहे की तंबोरा लावणाऱ्यालाही कळणार नाही. मात्र कॅमेऱ्याचा ट्रॅक पण बरोबर घेतला असशील तर हा बदल फक्त मिक्सरच्या ट्रॅकला लावायचा, डॅश फिल्टर कोलन ए कोलन शून्य असं लिहून, नाहीतर कॅमेऱ्याचा चांगला जुळलेला आवाज बिघडेल.

दुसऱ्या अंकाला घंटा पुन्हा झाली असेल तर तिथून मोजून पुन्हा तेच. घड्याळाचा फरक तोच राहतो, ४८,००४ चा आकडा परत काढायला नको.

मग दोन्ही तयार अंकांची यादी करून परत पहिली कॉनकॅटची कमांड, फक्त डॅश सी कॉपीच्या आधी डॅश मॅप शून्य घाल, नाहीतर दोन आवाजांतला एकच पुढे जातो, आणि यावेळी दोन्हीकडे ट्रॅक त्याच क्रमाने हवेत, पहिल्या अंकात दोन आवाज आणि दुसऱ्यात एकच असं नको. या शेवटच्या वेळी डॅश मूव्हफ्लॅग्ज (एम ओ व्ही एफ एल ए जी एस, मधे ई नाही), प्लस फास्टस्टार्ट घाल, म्हणजे ती अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी न राहता पुढे येते आणि ऑनलाइन टाकल्यावर पूर्ण डाउनलोड व्हायची वाट न बघता चालू होते.

राहिली मोबाईलची क्लिप. इथे तिसरा थर, शिजवणं आलं. फोन बहुतेक एचईव्हीसीमध्ये शूट करतो, ३० फ्रेम, त्यातही फ्रेमचा वेग कमी-जास्त होत राहतो, आणि भाऊजींनी धरला असेल तर उभा. कॅमेऱ्याचं २५ फ्रेमचं एच२६४. एचईव्हीसी आणि एच२६४ या चित्र दाबून ठेवायच्या दोन वेगळ्या पद्धती. कॉपीने जोडलंस तर एरर येईलच असं नाही, तेच वाईट, फाइल बनते आणि जोडापासून पुढे चित्र हिरवं होतं किंवा वेड्यासारखं धावतं. म्हणून आधी एकट्या क्लिपला कॅमेऱ्यासारखं कर: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, लिबएक्स२६४ (एच२६४ बनवणारा एन्कोडर), सीआरएफ १८ (क्वालिटीचा आकडा), पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ. एफएफप्रोबने दोन्ही शेजारी शेजारी बघ, त्यात टीबीएन म्हणून एक आकडा दिसतो, वेळ मोजायच्या एककाचा, तो पण जुळायला हवा, नसला तर डॅश व्हिडिओ अंडरस्कोअर ट्रॅक अंडरस्कोअर टाइमस्केल ने जुळवता येतो. एवढं करून सुद्धा काही टीव्ही आणि जुने प्लेअर जोडावर अडखळतात, कारण दोन वेगळ्या एन्कोडरच्या आतल्या सेटिंग्ज वेगळ्या राहतात. माझं स्पष्ट मत विचारशील तर सत्काराची क्लिप वेगळीच ठेव. नाटक बघणाऱ्याला मधे शाल-श्रीफळ नको असतं आणि ज्यांचा सत्कार झाला त्यांना फक्त तेवढीच क्लिप हवी असते.

शेवटी तपासणी. एफएफएमपेग, डॅश व्ही एरर, डॅश आय तयार फाइल, डॅश एफ नल, आणि एकटा डॅश. हे पूर्ण फाइल वाचतं, कुठे काही लिहीत नाही, आणि शांत राहिलं तर फाइल धड आहे. जोडताना डीटीएस, म्हणजे फ्रेमवरचा वेळेचा शिक्का, मागे-पुढे असल्याची एखादी वॉर्निंग सांध्यावर आली तर दुर्लक्ष कर, शेकडोंनी आल्या तर यादीतला क्रम किंवा फाइल चुकलीये. तुकड्यांच्या लांबीची बेरीज आणि तयार फाइलची लांबी ताडून बघ, फरक सेकंदाच्या आत असायला हवा. आणि मूळ तुकडे ग्रुपमधल्या कुणीतरी पूर्ण फाइल शेवटपर्यंत बघितल्याशिवाय डिलीट करू नकोस, माझा रविवार आठव.

तू शेवटी लिहिलंयस की चौथा तुकडा कधी कधी उघडत नाही. त्यावर एफएफप्रोब चालव. मूव्ह ॲटम सापडत नाही असं म्हणालं तर बॅटरी संपून कॅमेरा बंद पडला आणि अनुक्रमणिका लिहायची राहून गेली, मग अनट्रंक नावाचं टूल आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून दिली, तुझा तिसरा तुकडा चालेल, की ते बिघडलेल्या फाइलची अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं. एफएफप्रोब दुसरंच काही म्हणालं तर ते जसंच्या तसं इथे टाक, बघून सांगतो.